हयातीत नाही

"तुमच्या हयातीत नाही होत ते, सर."

विमावाल्या भाऊंनी हे वाक्य मान वर न करता टाकलं. एक हात कीबोर्डवर, दुसऱ्यात उसाच्या रसाचा ग्लास. एप्रिल संपत आला होता, दुपारचे साडेबारा वाजले होते, आणि जळगावात त्या वेळेला घराबाहेर दिसणारा माणूस एक तर लग्नाला निघालेला असतो, नाही तर कागदाच्या कामाला. दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल, तीन वेगवेगळ्या कंपन्यांची तीन कॅलेंडरं आणि एक कुलर, जो हवेपेक्षा आवाज जास्त फेकत होता. त्याच्या ओल्या गवताचा वास सगळ्या कागदांना लागलेला. बाहेर उन्हात आमची नऊ वर्षांची गाडी उभी होती. ती मुलीच्या नावावर करायची होती. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या होत्या, आरटीओतलं काम मार्गी लागलं होतं, नाव बदललं की चौदा दिवसांत विम्याकडेही कळवावं लागतं, आणि योगायोगाने विमाही त्याच आठवड्यात संपत होता. मी विचारलं ते इतकंच, की माझा पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, तो मुलीला लागेल ना? गाडी तीच, घर तेच, अंगणातली जागासुद्धा तीच.

"मग कधी होतं?" मी विचारलं. उत्तर खरं तर विचारतानाच कळलं होतं.

भाऊंनी आता मान वर केली. "म्हणजे... वारसाला जातो सर तो. गाडी वारसाच्या ताब्यात गेली की. तसा नियमच आहे. बाकी कोणालाच नाही, बायकोला नाही, पोराला नाही." मग स्वतःलाच कसंतरी वाटलं असावं, कारण त्यांनी पोऱ्याला हाक मारून माझ्यासाठीही रस सांगितला. बिगर बर्फाचा.

हिशेब फार मोठा नव्हता. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जो भाग, ज्याला आपल्याकडे सगळे 'फर्स्ट पार्टी' म्हणतात, तो माझ्या नावावर २,६५० होता, मुलीच्या नावावर ५,३०० झाला. थर्ड पार्टीचे ३,४१६ दोघांनाही सारखेच. हजार ते पंधराशे सीसीच्या खासगी गाडीचा तो दर २०२२ च्या जूनपासूनचा, सरकारने ठरवलेला, त्यात घासाघीस नाही. वरच्या फरकावर अठरा टक्के जीएसटी धरला तर ३,१२७ रुपये. एवढ्या पैशात आमच्या घरी महिन्याचा किराणा येत नाही. पण घरी येईपर्यंत मी तो आकडा मनात उलटापालटा करत राहिलो, आणि खरं सांगायचं तर आकडा नव्हताच तो, तो एक शब्द होता. हयात. पेन्शनवाले नोव्हेंबरात ज्याचा दाखला देतात तो शब्द.

आणि त्या बोनसबद्दल मला फार अभिमान असावा असंही काही नाही. क्लेम न करता पहिलं वर्ष काढलं की वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, आणि पाचव्या वर्षी पन्नास; तिथे शिडी संपते. माझी पन्नासावर येऊन चार वर्षं झाली होती. मधल्या काळात दोनदा बंपर गेला, एकदा सुभाष चौकातल्या गर्दीत आरसा गेला. तिन्ही वेळा खिशातून केलं, कारण क्लेम केला तर शिडीवरून खाली. म्हणजे तो बोनस निम्मा माझ्या सावधपणाचा आणि निम्मा चिकटपणाचा. बायको म्हणते, दुसरा निम्मा जास्त आहे.

त्याच रविवारी आत्तेभावाचा फोन आला, इंग्लंडातल्या लेस्टरहून. मूळ अमळनेरचा माणूस. पंचवीस वर्षं तिकडे काढूनही फोनवर पहिलं वाक्य अहिराणीतच. त्याच्या पोराने, वय अठरा, नुकताच परवाना काढला आणि पंधराशे पौंडांत जुनी एक लिटरची गाडी घेतली. तिच्या पहिल्या वर्षाच्या विम्याचा आकडा आला एकोणीसशे पौंड. "गाडीपेक्षा गाडीचा कागद महाग," तो म्हणाला, आणि हसला, पण हसणं पैसे भरून झालेल्या माणसाचं होतं. तिकडे विमा गाडीसोबत माणसाचीही झडती घेतो. वय किती, परवाना कधीचा, कुठल्या भागात राहता, गाडी रात्री घरासमोर उभी असते की रस्त्यावर. कोवळ्या वयातले आणि परवाना ताजा असलेले चालक जास्त आपटतात आणि आपटले की मोठे आपटतात, हे कंपन्यांच्या वह्यांमध्ये वर्षानुवर्षं जमा झालेलं आहे. त्याची किंमत मग प्रत्येक नव्या पोराकडून वसूल होते, तो कितीही गरीब गाय असला तरी. स्वस्त करायचं असेल तर गाडीत काळी डबी बसवून घ्यायची. ती डबी ब्रेक किती जोरात दाबला, वळण किती वेगात घेतलं, गाडी किती वाजता बाहेर काढली याची चुगली कंपनीला करते. पोराने ती बसवली तरी आकडा एकोणीसशे. तिच्याशिवायचा ऐकायचं धाडस मला झालं नाही.

मी त्याला आपला गावठी उपाय सुचवला. विमा तुझ्या नावाने काढ की, पोरगं चालवेल अधूनमधून. तो एकदम गंभीर झाला. म्हणाला, अरे, ते इथे फसवणुकीत धरतात. गाडी खरी चालवणार पोरगा आणि कागदावर मुख्य चालक बाप, याला त्यांच्याकडे नावच आहे, 'फ्रंटिंग'. पकडलं तर विमाच रद्द, आणि पोराच्या माथी कायमचा डाग. मला गंमत वाटली. कारण गुरुवारी विमावाल्या भाऊंनीही मला हेच सुचवलं होतं: "सर, कशाला नावाच्या भानगडीत पडता? गाडी तुमच्याच नावावर राहू द्या, ताई चालवतील. बोनसही राहील." आणि इथे ते पूर्णपणे कायद्यात बसतं. परवाना असलेला कोणीही मालकाच्या संमतीने चालवू शकतो, विमा गाडीचा असतो. तिकडे जो गुन्हा, तो इकडे सल्ला.

फोन ठेवता ठेवता त्याची बायको मागून म्हणाली, आमच्या वेळी मुलींना स्वस्त पडायचं, आता तेही गेलं. ते खरं आहे. मुली कमी धडकतात म्हणून त्यांचा दर कमी असायचा. युरोपच्या न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं की बाई की पुरुष यावरून दर ठरवता येणार नाही, आणि २०१२ च्या डिसेंबरपासून ते बंद झालं. मी हे आमच्या कॉलनीच्या कट्ट्यावर सांगितलं तर कोणी विश्वासच ठेवेना. मुली कमी धडकतात? कट्ट्याची आकडेवारी वेगळी आहे. पुढची गाडी जरा हळू चालली, इंडिकेटर उजवा आणि वळण डावं झालं, की आमचे जोशीकाका ओव्हरटेक करताना मान वाकडी करून आत कोण आहे ते बघतात. बाई असली तर 'म्हटलं ना'. पुरुष असला तर काहीच म्हणत नाहीत.

आपल्याकडच्या कागदाला असली उत्सुकता नाही. आधार आणि पॅन दिला की जन्मतारीख आपोआप जाते, पण प्रीमियमच्या गणितात ती कुठेच लागत नाही, निदान आमच्या वेळी तरी लागली नाही. गणिताला हवं होतं इंजिन किती सीसीचं, गाडी किती वर्षांची, तिची आजची किंमत काय आणि नोंदणी कुठली. मुंबई, पुणे, दिल्ली अशी आठ मोठी शहरं एका गटात, उरलेला सगळा देश दुसऱ्या गटात, आणि त्या दुसऱ्या गटाला दर थोडा कमी. एमएच १९ म्हणजे दुसरा गट. जळगाव कमी धोक्याचं! खोटेनगरपासून कालिंका माता चौकापर्यंत हायवे गावाच्या पोटातून जातो, शिव कॉलनी, आकाशवाणी, इच्छादेवी, अजिंठा चौफुली, आणि प्रत्येक चौकाला कोणाचं ना कोणाचं माणूस गेलेलं आहे. पण ते असो. २०२२ मध्ये आपल्याकडच्या विमा नियामकानेही कंपन्यांना मुभा दिली, की गाडी किती चालवता आणि कशी चालवता यावर दर लावायचा असेल तर लावा. भाऊंना विचारलं. म्हणाले, "इकडे नाही चालत सर ते. चालवतो कसा हे कंपनीला सांगायला कोण तयार होईल?"

बावीस वर्षांच्या, परवाना काढून आठ महिने झालेल्या मुलीला आणि मला, तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला, हा कागद एकाच तराजूत घालतो. फरक केला तो फक्त मागच्या कोऱ्या पानांचा. मला हे बरं वाटावं की वाईट, ते अजून ठरलेलं नाही.

मी स्वतः शिकलो तेव्हा कुठला आलाय कागद. १९९१ चा पावसाळा संपलेला, मी एकोणीस वर्षांचा, मामाच्या गावी, अमळनेर तालुक्यात. मामाकडे जीप होती, वरचा कापडी टप फाटलेली, तिचा दुसरा गिअर हाताने धरून ठेवावा लागे. परवाना माझ्याकडे शिकाऊ होता, बहुतेक मुदत संपलेला. बहुतेक नाही, संपलेलाच. संध्याकाळी पाच-साडेपाचला मी एकटाच ती घेऊन निघालो, पारोळ्याच्या रस्त्याला. कापसाची बोंडं फुटायला लागली होती, दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके, आणि समोर सूर्य असा की काचेवरच्या धुळीशिवाय काही दिसेना. सायकलवाला मला दिसला तो त्याच्या कॅरिअरवरच्या पत्र्याच्या डब्यावर ऊन चमकलं म्हणून, आणि तोवर उशीर झाला होता. जीपचा डावा कोपरा त्याच्या मागच्या चाकाला लागला. आवाज फारसा झाला नाही. जो झाला तो डब्याचा.

मी उतरलो तेव्हा तो रस्त्याच्या कडेला बसलेला होता, एक पाय विचित्र दुमडून, आणि डांबरावर पीठ पसरलं होतं. ज्वारीचं ताजं दळण, अजून कोमट. वाफेसारखा वास येत होता त्याला. त्या पिठात माझ्या टायरची नक्षी उमटली होती, अगदी स्वच्छ, एखाद्या साच्याने काढावी तशी. माणूस पायाकडे बघतच नव्हता. तो दोन्ही हातांनी पीठ गोळा करत म्हणत होता, "मना दयन. अरे मना दयन." माझं दळण. मीही खाली बसलो आणि पीठ गोळा करायला लागलो. का, ते आज सांगता येणार नाही. माणसाला उचलायचं सोडून मी त्याच्या डब्यात खड्यांसकट पीठ भरत होतो.

पुढचं सगळं मामाने निस्तरलं. त्या माणसाला अमळनेरला नेलं, पाय प्लास्टरमध्ये घातला, दुसऱ्या दिवशी गावातल्या ओट्यावर पाच माणसं बसली, आणि ठरलं: दवाखान्याचा खर्च, नवी सायकल, सातशे रुपये रोख आणि ज्वारीचं एक पोतं. पोलिसांत कोणी गेलं नाही. विम्याचं नावही कोणी काढलं नाही. जीपचा विमा होता की नव्हता हे मी मामाला कधी विचारलं नाही. खरं तर १९८८ चा मोटार वाहन कायदा तेव्हा लागू होऊन दोन वर्षं झाली होती, आणि थर्ड पार्टी विमा त्याच्या आधीच्या कायद्यापासून सक्तीचा. तो सायकलवाला म्हणजेच थर्ड पार्टी. आज मी दरसाल ३,४१६ रुपये भरतो ते त्याच्यासाठी. माझ्या गाडीखाली कोणी आलं तर न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती कंपनीने द्यायची, माणसाच्या जिवाला तिथे वरची मर्यादा नाही. त्या सायकलवाल्याला हे कोणी सांगितलं असतं तर तो कोर्टात गेला असता का? मला वाटतं, नसता गेला. त्याला सोमवारी कापूस वेचायला माणसं लावायची होती. पण सांगितलं तर नाहीच कोणी, आणि सांगू शकला असता असा कॉलेज शिकलेला तिथे मी एकटाच होतो. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून नखं खात.

मामा मला एक शब्द बोलला नाही. दोन वर्षं किल्लीही दिली नाही. त्यानंतर किल्ली दिली तेव्हा, आणि पुढे माझी स्वतःची गाडी आली तेव्हाही, मी दाराशी पोचलो की मागून येणार: "भाच्या, हळू चालाडजो." शेवटच्या आजारपणात त्याला माणसं ओळखू येत नव्हती, तरी कोणी खाटेजवळून उठलं की तो हेच म्हणायचा. नर्सलासुद्धा. त्या सायकलवाल्याला मी नंतर एकदाच पाहिलं, अमळनेरच्या बाजारात, सोमवारी. किंचित लंगडत होता. मी मिरच्यांच्या ढिगामागे थांबलो, तो पुढे जाईपर्यंत.

हे सगळं मी मुलीला कधी सांगितलेलं नाही. तिला वाटतं पप्पा घाबरट आहेत.

तर भाऊंचा सल्ला. गाडी माझ्याच नावावर ठेवायची, बोनस वाचवायचा. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. रस पिऊन झाला होता, ३,१२७ वाचत होते. मग सहज विचारलं, त्या पॉलिसीत पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो कोणाला? भाऊ म्हणाले, मालकाला. मालक-चालकाला. "आणि चालवताना ती असली तर?" कुलरचा आवाज मध्येच थांबला, लाइट गेली होती. "तर नाही सर. ताई मालक नाहीत ना."

मुलीची नोकरी फैजपूरच्या एका बँकेत लागली आहे. जळगाव सोडायचं, नशिराबाद, भुसावळ, तापीचा पूल, मग बामणोद. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटरच्या आसपास, आणि पुलापलीकडे रस्ताभर केळीच्या गाड्या. ट्रक असतातच, पण जास्त ट्रॅक्टर. घडांवर केळीची पानं झाकलेली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि चालवणारं पोरगं कधी कधी इतकं लहान की मागून टोपीच दिसते. मी दोन मिनिटं अंधारात बसलो, घामाने सदरा पाठीला चिकटला, आणि म्हटलं, तिच्याच नावाने करा.

लाइट आल्यावर त्यांनी तिचा तपशील भरला. सगळ्यात शेवटी नॉमिनी. मी तिला फोन लावला, स्पीकरवर. तिकडे बँकेत नोटा मोजायच्या मशीनचा आवाज. "नॉमिनी कोण लावायचं, ताई?" भाऊंनी विचारलं. ती म्हणाली, "पप्पांना लावा ना." "वय?" यावर ती थांबली, आणि मला हसू आलं, कारण माझं वय तिला नेमकं कधीच माहीत नसतं. "पप्पा, तुमचं वय किती?" साऱ्या व्यवहारात तोंडी विचारलेलं वय हे एवढंच. मी सांगितलं. भाऊंनी टाइप केलं. तिला काही झालं तर पंधरा लाख, वय वर्षे त्रेपन्न, नाते वडील. मी स्क्रीनकडे बघणं टाळलं आणि कॅलेंडरवरचा गणपती बघत राहिलो.

जाताना भाऊंनी मला एक पत्र काढून दिलं. माझा पन्नास टक्के बोनस वाया जात नाही म्हणे, तीन वर्षं राखून ठेवता येतो, मी नवी गाडी घेतली तर तिला लागतो. ते पत्र कपाटात आहे, लाईट बिलांच्या फाईलमध्ये. नवी गाडी मी घेणार नाही हे बायकोला माहीत आहे, भाऊंनाही माहीत असावं. मुलीच्या पॉलिसीवर त्याच ओळीत शून्य टक्के छापलंय.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिला पाऊस पडून गेल्याच्या संध्याकाळी, ती साडेसातला आली. एरवी साडेसहाला येते. गाडी लावायला अंगणात जास्त वेळ लागला म्हणून मी बाहेर गेलो. डाव्या बाजूला, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, एक लांब ओरखडा, मध्ये बोटभर खोल. तिने तो मला दाखवला नाही आणि लपवलाही नाही. हातपाय धुतले, जेवली, आणि मग ओट्यावर बसून स्वतःच भाऊंना फोन लावला. मी आत टीव्हीचा आवाज कमी केला. रंगवायला किती येतील, क्लेम केला तर त्यातले पहिले हजार आपलेच ना, रंगावर घसारा किती धरतात, आणि नाही केला तर पुढच्या वर्षी किती सूट? वीस? पाच हजार तीनशेचे वीस टक्के तिने तोंडीच केले, एक हजार साठ. मग म्हणाली, "राहू द्या भाऊ. नाही करत."

"राहू दे, मी देतो रंगाचे," मी दारात जाऊन म्हटलं.

"नको. असू द्या तो."

बामणोदच्या पुढे, वळणावर. ट्रॉलीची साखळी बाहेर लोंबत होती, ती लागली. ट्रॅक्टर थांबला. केळीचे दोन-तीन घड रस्त्यावर पडले होते, आणि पोरगा खाली उतरून आधी ते गोळा करायला लागला.

"परवाना होता का त्याच्याकडे?"

"विचारलं नाही. सोळाचा असेल, पप्पा. फार तर सतराचा. मला म्हणाला, ताई, मालकाला सांगू नका." ती ओरखड्याकडे बघत होती, अंगणातल्या दिव्यात तो होता त्याहून लांब दिसत होता. "मी घड उचलून दिले त्याला. त्याचे हात थरथरत होते."

मग थोड्या वेळाने, "माझेपण."